रोजच्या ताणावर श्वास आणि कृतज्ञतेची वही : कुणाला खरंच उपयोग झालाय का?

हिशेबनीस_शहापूर
नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते, एका पतसंस्थेत हिशेब बघते. मार्चअखेर उरकला, ऑडिट उरकलं, पोराची परीक्षाही उरकली, तरी कानापर्यंत चढलेले खांदे काही खाली येईनात, म्हणून हा धागा.

ताण कसला म्हणाल तर चारचौघांत सांगण्यासारखा एकही नाही. घरात कुणी गंभीर आजारी नाही, कर्ज आहे पण हप्ता वेळेवर जातो. पण नळाला पाणी आज येणार की उद्या (गावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीचा नंबर अजून लागायचाय), सासूबाईंची बीपीची गोळी संपली का, मुदतीआधी ठेव मोडायला आलेल्या माणसाला काय सांगायचं, कुठल्याशा कार्यालयातून आलेली कन्नड नोटीस कुणाकडून वाचून घ्यायची, असं बारीकसारीक दिवसभर चालू असतं. रात्री पाठ टेकली की तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली श्वासाची. माइंडफुलनेस, सजगता, काय म्हणायचं ते म्हणा. जॉन कॅबट-झिन म्हणून एकांनी १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी हा वर्ग काढला. मुळातलं बौद्ध ध्यान, पण धर्माचा भाग बाजूला ठेवलेला. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो. मला आठ आठवडे कोण देतंय? मी नळावर करते. पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करत हवा सोडतो, मग थोडं तांबूस पाणी ठसकत येतं, मग धार लागते. तेवढा वेळ मोबाइल घरात ठेवायचा. घागर भरत आली की आवाज बारीक आणि उंच होत जातो, तो ऐकत राहायचं. मधेच मन सुटून ऑडिटवर जातं. गेलं की परत आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही. बस, एवढंच. ह्याचा उपयोग आहे. संध्याकाळचं माझं ओरडणं कमी झालंय, हे पोरानंच सांगितलं.

दुसरी गोष्ट वहीची. झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. सुरुवातीला मजा यायची. आता वहीत रोज तेच : घर आहे, तब्येत बरी आहे, मुलगा गुणी आहे. हात लिहितो, डोकं भलतीकडेच. आणि वर अपराधी वाटायला लागलंय, की एवढं सगळं असून हिला ताण येतोच कसा!

तर विचारायचं हे की वही कोरडी पडली तर तुम्ही काय करता? आणि कृपा करून 'सकारात्मक राहा' नको. ते सकाळी सहापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर येतच असतं, सूर्योदयाच्या फोटोसकट.

कॅम्पातला_रिकामटेकडा
सकारात्मक राहा.
(पळतोय.)

वडगाव_माग
ताई, नळाचं वाचून बरं वाटलं. आमचे वडगावात माग आहेत. सजगता म्हणजे डोळे मिटून बसणं असलं तर आमच्या कामाला ते चालायचं नाही, आडवं सूत नेणारा धोटा उडून लागायचा एखाद्या दिवशी. पण माग चालवणारा माणूस कानावर काम करतो बघा. सगळे माग एकदम चालू असतात, त्या खडखडाटात एका मागाचा धागा तुटला की आधी कान उठतो, डोळा मागनं जातो. डोक्यात सुताचा भाव आणि मजुरी फिरायला लागली की कान ऐकायचा थांबतो, आणि मग चार बोटं कापड खराब होऊनच कळतं.

म्हणून मी एवढंच करायलोय. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो. नवी कांडी धोट्यात बसवायची, सूत ओढून घ्यायचं, आणि दांडा ओढायच्या आधी एक श्वास. आत साधा घ्यायचा, बाहेर सोडताना सावकाश. कांडी दिवसातनं किती वेळा बदलते ते कुठल्याही मागवाल्याला विचारा. वेगळा वेळ काढायला लागत नाही.

संध्याकाळी डोकं भणभणतं ते मात्र भणभणतंयच. ते आवाजाचं आहे, श्वासाच्या हातातलं नव्हे. त्याला कानात बोळे घालायला लागलोय. वहीचं मला काही माहीत नाही.

मलप्रभा_काठ
मी खानापूर तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. आमच्या आईला माइंडफुलनेस वगैरे ठाऊक नव्हतं. पहाटे काकडआरती, दुपारी सगळं आवरल्यावर माळ. आता माझीही माळ चालू आहे. जप करताना मन पळतंच, आईचंही पळत असेल, पण मणी बोटाखाली आला की परत यायचं. हे जे ताई नळावर करतात ते ह्याहून वेगळं आहे का, असा माझा भाबडा प्रश्न. परदेशातून फिरून आलं की आपल्याला त्याचं अप्रूप, असं होतंय का?

उद्यमबाग_सीएनसी
बाई, थोडं असहमत. माळ घेऊन बसणारी आमच्या घरातली माणसं जप करता करता 'दूध उतू चाललंय, कुणाचं लक्ष आहे का' असं ओरडतात. :) माळ फिरते म्हणजे लक्ष आहेच असं नाही.

माझं स्वतःचं : सेकंड शिफ्टला जाताना टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं असतं. पूर्वी इंजिन चालू ठेवून हॉर्न मारण्यात पुढे असायचो. सायकलवाले वाकून खालून निघाले की त्यांचाही राग यायचा. आता गेट पडलं की गाडी बंद, हात मांडीवर, पायाचे तळवे जमिनीला टेकलेले जाणवेपर्यंत थांबायचं. पॅसेंजर असो नाहीतर लांबलचक मालगाडी, ती काय माझ्या हॉर्ननं लवकर जाणार आहे? ॲप वगैरे लावून बघितलं, त्यातला माणूस इतक्या हळू बोलतो की मला शिफ्टच्या आधीच झोप येते.

मलप्रभा_काठ
दूध उतू जातंय हे कळलं म्हणजे लक्ष आहेच की बाळा. :)

धारवाड_रस्ता
मी समुपदेशनाचं काम करते, बेळगाव-धारवाड ये-जा असते. धाग्यात बरंच काही आलंय, जरा सविस्तर लिहिते.

आधी मलप्रभाबाईंच्या माळेबद्दल. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्रही. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी बसल्या जागी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. त्या सावकाश लयीत रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झालेली दिसली. म्हणजे खानापूरच्या देवळातली माळ असो की कॅम्पातल्या चर्चमधली रोझरी, छातीला फरक कळत नाही. वडगावचे दादा सोडताना सावकाश सोडतात तेही बरोबरच आहे, श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. पण लक्ष परत आणण्याची कसरत हा त्यापुढचा भाग. ती माळेनं होते, नळानं होते, नाहीतर दोन्हींनी होत नाही. सीएनसीदादांचा मुद्दा तिथे खरा आहे.

आता वही. ताई, तुमची वही कोरडी पडली ह्यात नवल नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग मांडला होता. सहा आठवडे काहींनी आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजायच्या, काहींनी तीनदा. समाधान वाढलं ते एकदावाल्यांचं. तीनदावाल्यांना फरक पडला नाही, बहुधा लिहून लिहून त्यातली धार गेली. ह्याउलट एमन्स आणि मॅक्कलो ह्यांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासात, स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या लोकांनी २१ दिवस रोज लिहिलं आणि त्यांची मनःस्थिती सुधारली, झोपही बरी झाली. तेव्हा रोज की आठवड्याला ह्याचा सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही. तुम्हाला कंटाळा आलाय ना, मग आठवड्यावर आणा.

दुसरं, तीन गोष्टींचा जो प्रयोग सेलिगमन मंडळींनी २००५ मध्ये केला, त्यात अर्धा भाग लोक गाळतात. गोष्ट लिहायची, आणि ती का घडली हेही लिहायचं. एकच आठवडा करायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हाही फरक टिकून होता, आणि तो मुख्यतः ज्यांनी आपणहून पुढे चालू ठेवलं त्यांच्यात. 'घर आहे' ह्याला 'का' विचारून काय उत्तर येणार? 'आज दुपारी शेजारणीनं वाळत घातलेले कपडे पावसाच्या आधी काढून ठेवले' ह्याला येतं. आजच्याच दिवसात घडलेलं, आणि शक्यतो कुणीतरी केलेलं लिहा.

तिसरी युक्ती उलटीकडून. एखादी चांगली गोष्ट घडलीच नसती तर काय झालं असतं, ते लिहून बघा. २००८ च्या एका अभ्यासात चांगल्या गोष्टी नुसत्या आठवण्यापेक्षा त्या वजा करून बघण्यानं लोकांना जास्त बरं वाटलं होतं. 'ही नोकरी लागलीच नसती तर' हे लिहिताना कोरडं राहणं कठीण.

आणि आता आवर घालणारं. २०१४ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, ३५१५ माणसं. चिंता, नैराश्य आणि वेदना ह्यांत माफक सुधारणा, पुरावा मध्यम प्रतीचा. रोजच्या ताणाबाबत पुरावा त्याहूनही दुबळा. आणि व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरतं असं दिसलं नाही. तेव्हा कुणी ध्यानानं साखर, बीपी, थायरॉइड सगळं बरं होतं म्हणालं तर सासूबाईंची गोळी बंद करू नका.

कॅम्पातला_रिकामटेकडा
परत आलो. मॅडम, ह्या सजगतेच्या वर्गात एक मनुका दहा मिनिटं बघत, हुंगत, चघळत खायला लावतात ना? आम्ही बेळगावकर मनुका कशाला खातोय, मी कुंदा घेतला.

अहवाल सादर : आधी बोटांना तूप. मग दाणे. नुसतं 'गोड' म्हणून गिळतो ना आपण, ते तसं नाहीये. आधी आटवलेल्या दुधाचा किंचित करपट वास नाकात जातो, गोड नंतर येतं, आणि शेवटी दाढेखाली एखादा रवाळ दाणा राहतो तो वेगळाच. इतकी वर्षं खाऊन हा करपट वास मला माहीतच नव्हता. एरवी पाव किलोचा पुडा टीव्हीसमोर कधी संपतो कळत नाही, त्या दिवशी दोन घासांत पोट नव्हे पण मन भरलं. बायकोला वाटलं तब्येत बिघडली.

वडगाव_माग
कुंदा सजगतेनं खायचा असला तर मी आज रात्रीच सुरू करतो.

निपाणी_ऊसवाला
सगळं वाचलं. चांगलं चाललंय तुमचं. आता माझं ऐका.

आमचा ऊस जाऊन महिने झाले, बिल नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे, ऊस दिल्यापासनं चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं त्यात लिहिलंय. कारखान्यावर गेलं की 'पुढच्या आठवड्यात'. सोसायटीचं व्याज काय पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही. पोरीची फी भरायची आहे. आता मी वहीत काय लिहू? कारखान्याचे आभार?

आमच्या निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हायवे अडवला. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या लोकांना कुणी सांगितलं असतं, 'बाबांनो, भाव नाही पण पाऊस तरी पडतोय, तीन चांगल्या गोष्टी लिहा', तर? मला राग आलाय आणि तो यायलाच पाहिजे. श्वास बिस ठीक आहे, पण ज्यानं पैसे अडवलेत त्यानं श्वास मोजू दे की.

सूनबाई_चिकोडी
दादा, अगदी मनातलं बोललात. पैशाचं राहू दे, घरातलं सांगते. आमच्याकडे 'समाधान मानावं माणसानं' हे वाक्य आहे ना, ते नेहमी वरून खाली येतं. सासरे कधी म्हणत नाहीत की आज सुनेनं तापात भाकऱ्या थापल्या, समाधान मानतो. मी म्हटलं मला बी.एड. करायचंय, तर उत्तर काय? 'तुला काय कमी आहे इथं? बाहेर बघ लोकांचे हाल.' म्हणजे माझ्याकडे काय काय आहे ह्याची यादी माझ्या तोंडावर मारायची आणि विषय संपवायचा. त्यामुळे कृतज्ञता म्हटलं की माझा हात आपोआप आखडतो. धागाकर्तीताई, तुम्हाला जे अपराधी वाटतंय ना, ते तुमचं नाहीच, कुणीतरी लहानपणापासून तुमच्यात घातलंय.

पुण्यातला_बेळगावकर
सूनबाईंना शंभर टक्के अनुमोदन.

मलप्रभा_काठ
सूनबाई, बी.एड.चा फॉर्म कधी सुटतो ते बघून ठेवा. मी संसार आणि दोन मुलं सांभाळून केलंय. पुस्तकं, टिपणं काय लागलं तर सांगा, खरंच सांगा.

धारवाड_रस्ता
ऊसवाले दादा आणि सूनबाई, तुम्ही दोघांनी जे मांडलंय ते आमच्या कामात रोज समोर येतं. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला शांत राहायला शिकवणं म्हणजे उपचार नव्हे. कृतज्ञता आतून आली तरच तिचा उपयोग, दुसऱ्यानं मागितली की ती नुसती परतफेड होते, आणि परतफेडीचा ताणच येतो.

दादा, तुमचा राग कमी करा असं मी म्हणणार नाही. एकच विचारते. बिलाचा विचार दिवसातनं कितीदा येतो, आणि त्यातल्या किती वेळा तुम्ही त्यावर काही करू शकता? सकाळी कारखान्यावर, सोसायटीत, संघटनेच्या माणसांकडे जाता तेव्हा तो राग कामाचा आहे. रात्री दोन वाजता तोच राग तुमचीच झोप खातो, कारखान्याचं काही बिघडत नाही. बोर्कोवेक ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक साधी रीत मांडली. काळजीसाठी दिवसातला ठरलेला अर्धा तास आणि ठरलेली जागा ठेवायची. इतर वेळी विचार आला की 'तुझी वेळ साडेपाचला' म्हणून हातातल्या कामावर परत यायचं. आणि साडेपाचला खरंच बसायचं, कागद पेन घेऊन. कुणाला फोन, कुठला अर्ज, कोण बरोबर येईल. सजगता इथे उपयोगी पडते ती एवढ्यापुरतीच, विचार आला हे वेळेत ओळखायला.

निपाणी_ऊसवाला
साडेपाचला म्हशीची धार असते. सातला ठेवतो.
मॅडम, रागाला कामाचा म्हणालात ते पटलं. रात्रीचं पण खरं आहे. दोनला उठून मी मोबाइलमध्ये हिशेब करत बसतो, व्याज तेवढंच निघतं दरवेळी.

हिशेबनीस_शहापूर
केवढं लिहिलंत सगळ्यांनी! दुपारी जेवताना वाचत होते, आमटी गार झाली. (ते सजग भोजन नव्हतं, मान्य.)

ऊसवाले दादा आणि सूनबाई, तुमचं वाचून मी काल वही बदलली. माझा धंदाच जमा-खर्चाचा. नावे बाजू कोरी ठेवून नुसती जमा दाखवली तर कुठला ऑडिटर सही करेल? आणि मी वहीत तेच करत होते. आता समोरासमोरची दोन पानं घेते. डावीकडे जे खुपलं ते, आणि त्याचं पुढे काय करायचं. उजवीकडे जे बरं झालं ते, आणि का झालं. डावं पान भरलेलं असलं तरी उजव्याला बाध येत नाही, आणि उजवं भरलं म्हणून डावं खोडायचं नाही.

कालची नोंद देते, म्हणजे कळेल. ती कन्नड नोटीस घेऊन त्या कार्यालयात गेले होते. ज्या खिडकीवर जायचं होतं तिथले साहेब 'वाचून घेऊन या' म्हणाले आणि आत गेले. शेजारच्या खिडकीवर एक अक्का होत्या, कन्नडच. जेवणाची सुट्टी झालेली, डबा उघडलेला, जोंधळ्याची भाकरी आणि एण्णेगायी (भरली वांगी), वास सगळ्या खोलीभर. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं, हात पुसला, कागद घेतला आणि एकेका ओळीखाली नख ओढत मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. शेवटची तारीख दोनदा सांगितली, आणि माझ्याकडून वदवूनही घेतली.

उजव्या पानावर : अक्कांनी वाचून दिलं. का? त्यांना थांबायची काही गरज नव्हती, तरी थांबल्या. मी गेले तेव्हा मान खाली घालून परत फिरले नाही, हेही एक कारण.
डाव्या पानावर : नोटीस मराठीतून यायला हवी होती. साहेबांचं वागणं. अर्ज करायचा.

अक्का चांगल्या म्हणून साहेबांना माफ करायची गरज नाही, आणि साहेबांचा राग अक्कांवर काढायचीही. हे लिहून झाल्यावर झोप लागली, आणि ह्या वेळी अपराधीही वाटलं नाही.

पुण्यातला_बेळगावकर
ताई, डाव्या पानासाठी थोडी माहिती. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे तक्रार तुम्ही मराठीत देऊ शकता. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या संरक्षक तरतुदी ठरलेल्या आहेत, त्यांत ज्या भागात त्यांची लोकसंख्या १५ टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात असं आहे. अर्जात ह्या दोन्हींचा उल्लेख करा, आणि पोच घ्या. पोचेशिवाय घरी येऊ नका.

अवांतर : सीमाभागात वाढलेल्या माणसाला हा एक वेगळाच ताण असतो, बाहेरच्यांना कळत नाही. मी पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, अजून कुठल्याही सरकारी खिडकीवर गेलो की कुठल्या भाषेत सुरुवात करायची हा विचार आधी येतो. दुकानात नाही, फक्त खिडकीवर.

उद्यमबाग_सीएनसी
+१. आमच्या कारखान्यात मात्र शॉप फ्लोअरवर एका वाक्यात तीन भाषा असतात आणि जॉब बरोबर निघतो.

सूनबाई_चिकोडी
दोन पानांचं मला जमेल असं वाटतंय. पण वही कुठे ठेवू? आमच्या घरात कपाटाला कुलूप लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

कॅम्पातला_रिकामटेकडा
पिठाच्या डब्याखाली. घरातले पुरुष तिथे कधीच पोचत नाहीत.

सूनबाई_चिकोडी
सासूबाई पोचतात हो!

वडगाव_माग
मोबाइलमध्ये लिहा वहिनी, लॉक लावून. आमची ही तसंच करते. काय लिहिते मी विचारत नाही, डावं पान असणार.

मलप्रभा_काठ
एक विचारते. माझी भाची विपश्यनेला इगतपुरीला जायचं म्हणतेय. दहा दिवस मौन असतं ना? ती सध्या बरीच खचलेली आहे, वडील गेल्यापासून. जाऊ द्यावं का?

धारवाड_रस्ता
हो, इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून आहे, गोएंकाजींच्या परंपरेतलं. दहा दिवस मौन, आणि दिवसातले दहाएक तास ध्यान. धडधाकट माणसालाही ते सोपं जात नाही. ताजं दुःख असताना, किंवा आधीचा मानसिक आजार असताना, इतका वेळ एकट्यानं आत डोकावणं काहींना उलट जड जातं. केंद्राच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते तिनं लपवू नये. आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि हे सगळ्यांसाठीच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालीय, अन्न गोड लागत नाही, कशातच मन नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत, तर वही आणि श्वासावर भागवू नका. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. मराठीत बोलायचं असेल तर सुरुवातीला भाषा विचारतात तिथे मराठी निवडा. समोरासमोर दाखवायचं असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. बाई, भाचीला आधी तिथे न्या, इगतपुरी कुठे पळून जात नाही.

मलप्रभा_काठ
नेते. सोमवारच्या सकाळच्या गाडीनं. आभारी आहे, आणि हे मागून घेतलेले आभार नव्हेत.

उद्यमबाग_सीएनसी
वहीवाल्यांनी एक सांगा, लिहायचं विसरत कसं नाही तुम्ही? माझं पहिल्या आठवड्यातच बारगळतं.

हिशेबनीस_शहापूर
'रोज लिहीन' असं ठरवलं की बारगळतं. कशाच्या मागे लिहायचं ते ठरवा. मी आता फक्त रविवारी लिहिते, रात्री दुधाला विरजण लावलं की लगेच, त्याच ओट्यावर उभ्यानं. विरजण चुकत नाही, त्यामुळे वहीही चुकत नाही. तुमचं रविवारी काय चुकत नाही?

उद्यमबाग_सीएनसी
रविवारी फक्त मटण चुकत नाही.

हिशेबनीस_शहापूर
मग हात धुतले की लिहा.

कॅम्पातला_रिकामटेकडा
सजगतेनं धुवा. रस्सा पानाला लागतो.

वडगाव_माग
ऊसवाले दादा कुठं गेले? सातची वेळ जमली का?

निपाणी_ऊसवाला
आहे आहे. कालपासनं सातला बसतोय, मागच्या पडवीत. पहिल्या दिवशी नुसत्या शिव्या लिहिल्या, कागद भरला. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या गावातली ज्यांची ज्यांची बिलं अडकलीत त्यांची नावं लिहून काढली, टनासकट. यादी मोठी झाली. आता त्यातली माणसं गोळा करून साखर आयुक्तांना अर्ज द्यायचं चाललंय. एकट्यानं गेलं की 'पुढच्या आठवड्यात', बघू सगळे मिळून गेल्यावर काय म्हणतात.
रात्री दोनला जाग आली काल पण. मोबाइल नाही घेतला, भिंतीकडे तोंड करून पडलो. झोप आली असं नाही, पण हिशेब तरी नाही केला.

हिशेबनीस_शहापूर
दादा, अर्जाला व्याजाचं कोष्टक लागलं तर ऊस दिल्याची तारीख, टन आणि भाव एवढं पाठवा, मी करून देते. उशिरा दिलेल्या बिलावर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं त्याच आदेशात आहे, ते मागायला विसरू नका.

निपाणी_ऊसवाला
हे माहीतच नव्हतं कुणाला इथं! पाठवतो उद्या, सगळ्यांचं एकदमच पाठवतो.

कॅम्पातला_रिकामटेकडा
बिल आलं की कुंदा तुमच्याकडून, दादा.

निपाणी_ऊसवाला
आधी येऊ दे की ओ.